बरणीतले चिमटे

मे महिन्यातली सकाळ. नऊच वाजलेत, तरी कचारगडाच्या पायथ्याची माती चपलेतून पोळू लागली आहे. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लागायचा आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेत इथं पाय ठेवायला जागा नसते. विदर्भातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून गोंडी माणसं येतात. ढोल घुमतात, 'जय सेवा'चा गजर गुहेपर्यंत चढत जातो. आत्ता वाट मोकळी आहे. झेंड्यांचे सात रंग उन्हानं विटलेत. पळसाच्या सावलीत दोन बकऱ्या बसल्यात, तेवढीच गर्दी.

वरच्या पायवाटेनं बाया उतरतायत. डोक्यावर तेंदूपानांचे गठ्ठे. अंधारात जंगलात शिरलेल्या, त्या आता परततायत. घरी गेल्यावर पानं निवडायची, 70 पानांचा एक पुडा असे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथं, नेऊन मोजून द्यायचे. हंगाम काही आठवड्यांचाच. वर्षभरात रोख पैसा हातात पडतो तो बहुतेक याच दिवसांत. म्हणून कुणी थांबत नाही. पाणी पितात तेही चालता चालता.

धनेगावच्या अंगाला वळलं की अंगणवाडी. आज वजनाचा दिवस. दारात चपलांचा ढीग. ओसरीवर बायांची रांग, कडेवर एक लेकरू, पदराला धरून दुसरं. आत छताच्या हुकाला काटा टांगलाय, काट्याला झोळी. झोळीत घातलं की लेकरू भोकाड पसरतं. बाहेर काढलं की गप्प. आत घातलेलं दुसरं सुरू होतं. सेविका आकडा वाचते, मदतनीस वहीत उतरवते, मग सेविका तोच आकडा मोबाइलमध्ये भरते. मोबाइलला रेंज नाही. तो खिडकीच्या गजाजवळ नेऊन धरायचा आणि वाट बघायची.

एक मुलगा रडत नाही. झोळीत घातला तरी नाही, काढला तरी नाही. दीड वर्षाचा. डोळे उघडे आहेत, पण नजर कशावरच टेकलेली नाही. माशी ओठाच्या कडेला बसते, तो हात हलवत नाही. काटा 6 किलो 200 ग्रॅम दाखवतो. सेविका पुन्हा एकदा तोलते. मग दंडाला पट्टी गुंडाळते. पट्टीच्या खिडकीत लाल रंग येतो. दंडघेर 10.9. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल.

"मोठा शांत आहे जी हा," आई म्हणते. "कोणाले तरास देत नाही."

सेविका मान हलवते, बोलत काही नाही. या कामात मुरलेली माणसं रडणाऱ्या मुलाला फारशी भीत नाहीत. शांत मुलाला भितात.

आशाताई बाजूला जाऊन 102 नंबर लावते. इकडे आईची घासाघीस सुरू. चौदा दिवस? तेंदूचा हंगाम चौदा दिवसांत उरकेल. घरी मोठी मुलगी आहे, तिला कोण बघणार? बुडीत मजुरी मिळते, सेविका सांगते. मिळेल तेव्हा मिळेल, हे आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलंय. शेवटी ओसरीच्या कोपऱ्यातून सासू बोलते. तिच्या हातात पानांची चवड तशीच आहे. "पानं मी तोडतो. तू पोराले ने."

एवढ्यावर निर्णय होतो. गाडीची वाट बघण्यात पाऊण तास जातो. तेवढ्यात लाल पट्टीवाल्या मुलाची आई ओसरीवर बसून सासूच्या चवडीतली पानं उचलते आणि सवयीनं दोन पुडे बांधून टाकते.

दरेकसा, सालेकसा, आमगाव, मग गोंदिया. डाव्या-उजव्या हाताला मुंबई-हावडा लोहमार्ग मधूनमधून भेटत राहतो. गाडीच्या खिडकीतून गरम वारा आत येतो. मुलगा आईच्या मांडीवर पालथा. मालगाडी धडधडत जाते, लांबच लांब. दीड वर्षाचं कुठलंही लेकरू मान वळवून बघेल. हा वळवत नाही.

पोषण पुनर्वसन केंद्राचा वॉर्ड तसा लहानच. दहा खाटा. भिंतीवर ससा, हत्ती, आंबा, छोटा भीम. खिडकीत कूलर, त्याचा आवाज इतका की बोलायचं तर जवळ जावं लागतं. फिनाइलचा वास, त्यात दुधाचा. केस पेपरची रांग बाहेरच्या पत्र्याखाली आहे. पत्रा तापलाय. माणसं सावली सरकेल तशी रांग वाकडी करतात, पण नंबर कुणी सोडत नाही.

आत आल्यावर मुलाच्या पावलावर अंगठा दाबून बघतात. खळगा पडतो का, सूज आहे का. बोटातून रक्ताचा थेंब, साखर तपासायला. तेव्हा त्याचा ओठ किंचित थरथरतो, आवाज येत नाही. मग भूक चाचणी. वाटीतलं चाटण त्याच्या ओठाशी नेतात. तो तोंड मिटून घेतो.

यापुढची चक्रं घड्याळावर चालतात. सुरुवातीचं दूध पातळ, 100 मिलिलीटरमध्ये 75 किलोकॅलरी. दर दोन तासांनी, वाटी-चमच्यानं, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला बारा वेळा. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. उपाशी मूल, मग भरपूर का घालत नाहीत? उपाशीपणात शरीरानं सगळीच यंत्रणा मंद केलेली असते, काळीज, आतडी, मूत्रपिंडं, सगळं. एकदम भार टाकला तर तो काळजाला झेपत नाही. भूक परतली, सूज उतरली की मग दाट दूध, 100 मिलिलीटरला 100 किलोकॅलरी.

मंद झालेल्या यंत्रणेत खेळणंही येतं. इंधन कमी म्हटल्यावर शरीर आधी कुतूहल बंद करतं. हात पुढे करणं, मान वळवणं, हाक मारणं, हे सगळं खर्चाचं. लेकरू हाक मारत नाही म्हणून कुणी ओ देत नाही. ओ मिळत नाही म्हणून ते आणखी मिटतं. घरात कामाचा रेटा असतो. न रडणारं लेकरू आपोआप कोपऱ्यात राहतं.

भिंतीवर उपचाराच्या दहा पायऱ्यांचा तक्ता आहे. साखर सांभाळा, अंग गरम ठेवा, पाणी भरून काढा, असं करत खाली यावं. नवव्या पायरीवर लेकराशी खेळणं आणि माया. जगभर हीच दहा पायऱ्यांची पद्धत वापरतात आणि खेळ त्यात ठिगळासारखा नंतर चिकटवलेला नाही. रोज 15 ते 30 मिनिटं ठरवून खेळायचं, औषधासारखं. तक्त्याचा खालचा कोपरा फाटलाय. नववी पायरी नेमकी चिकटपट्टीखाली आहे.

शिकाऊ सिस्टर नवी आहे. विशीची असेल. वॉर्डात आल्या आल्या ती तीन नंबरच्या खाटेशी जाते. मुलाच्या तोंडासमोर टाळ्या वाजवते, चुटक्या वाजवते, खुळखुळा अगदी नाकापाशी हलवते. "हस ना रे! हस की! इकडे बघ, इकडे!" मुलगा डोळे मिटतो. ती आणखी जोरात हलवते. तो तोंड आईच्या काखेत घालतो.

मोठ्या सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या राहून हे बघतात. वीसेक वर्षं नोकरी झालेली, गुडघे दुखतात म्हणून चालताना हात कंबरेवर. त्या रागावत नाहीत. "ये इकडे," म्हणतात. "खाली बस. त्याच्याकडं पाहू नको. खेळण्याकडं पाहा."

दोघी सतरंजीवर बसतात, खाटेच्या पायथ्याशी, मुलाकडे अर्धवट पाठ करून. मोठ्या सिस्टर चार डबे काढतात, एकात एक बसणारे. एक बाहेर, एक आत. एक बाहेर, एक आत. तोंडानं हळू आवाजात सांगत राहतात, हा मोठा, हा लहान, हा गेला, हा आला. मुलगा बघत नाही. त्या थांबत नाहीत. दहा मिनिटं जातात. कूलरचं पाणी संपतं, कुणीतरी बादली आणून ओततं. बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरतात. दोघी डबे आत-बाहेर करतायत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या दोघींना काही काम नाही.

"किती वेळ?" शिकाऊ सिस्टर कुजबुजते.

"त्याला लागल तेवढा."

दुपार. ऊन खिडकीच्या पडद्यावर थापलंय. आई कंटाळली आहे. तिनं पदराच्या गाठीतून मोबाइल काढलाय, तो मुलाच्या पुढ्यात धरते. पडद्यावर रंगीत माकडं नाचतायत. मुलगा बघतो, पापणी न लववता बघत राहतो. "पाहा, पाह्यते की नाही!" आई खूश होते. मोठ्या सिस्टर शेजारी टेकतात. मोबाइल ओढून घेत नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणतात, "माय, माकड याच्यासाठी थांबते काय?"

मला हा मुद्दा फार बिनतोड वाटतो. लेकरानं मान फिरवली तरी पडदा चालू. लेकरानं बोट दाखवलं तरी पडदा चालू. त्याच्या करण्यानं समोर काहीच बदलत नाही. आणि तेच तर या मुलाचं आधीपासूनचं दुखणं आहे.

पाच नंबरच्या खाटेवर नातवाला घेऊन एक आजी आहे. कचारगडच्याच बाजूची. तिची सून बाळंतीण, म्हणून नातवासोबत ही आली. संध्याकाळी वीज जाते. कूलर थांबतो आणि वॉर्ड एकदम ऐकू येऊ लागतो. श्वास, बांगड्या, कुणाची उचकी. उकाडा चढतो. बाया केस पेपरनं वारा घालतात. आजी गोष्ट सुरू करते. आधी गोंडीत, मग माझ्याकडे बघून मोडक्या हिंदी-मराठीवर येते.

काली कंकालीची 33 लेकरं. शंभूनं गुहेत कोंडलेली. दाराशी मोठी शिळा, कुणाच्यानं हलेना. जंगो रायताडचा जीव त्या लेकरांसाठी तुटायचा. लिंगोनं उपाय काढला. मग हिरासुका पाटालीर आला किंगरी घेऊन. बाहेर बसला आणि वाजवू लागला. "वाजवलं वाजवलं," आजी म्हणते, आणि स्टीलच्या ताटलीवर बोटांनी ठेका धरते. "आत लेकरायले जोर आला. त्यायनंच धकलला गोटा, आतून." गोटा सुटला, लेकरं मोकळी झाली. गोट्याखाली हिरासुका गेला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण कचारगडाची गोष्ट साधारण अशी. माघात लाखो पावलं त्या गुहेकडे जातात ती यासाठी.

आजीचा ठेका चालूच आहे. टक टक, टकटक. गोष्ट संपली तरी बोटं थांबत नाहीत.

"सिस्टर," शिकाऊ पोरगी मोठ्या सिस्टरच्या कोपराला हात लावते. "अंगठा."

तीन नंबरच्या खाटेवर मुलगा पडलाय, तोंड भिंतीकडे. पण उजव्या पायाचा अंगठा हलतो आहे. टक टक. मग थांबतो. पुन्हा टकटक.

मोठ्या सिस्टर डोळ्यांनीच खूण करतात. आजी थांबते. वॉर्डात उकाडा आणि शांतता. अंगठाही थांबतो. शिकाऊ सिस्टर सतरंजीवर बसते, खाटेच्या लोखंडी दांड्यावर नखानं वाजवते. टक टक. आणि थांबते. यावेळी ती घाई करत नाही. मी मनात मोजतो आहे, आठ, नऊ, दहा. अंगठा हलतो. टक टक.

ती उत्तर देते. तो देतो. चार फेऱ्या होतात. पाचव्या वेळी तो पाय पोटाशी घेतो.

"आता सोड," मोठ्या सिस्टर म्हणतात. "नको म्हणून नाही ओढला पाय. दम घेतोय." पोरगी हात मागे घेते. तिच्या मानेवरून घाम ओघळतोय, तोही ती पुसत नाही.

वीज येते. कूलर पुन्हा घरघरू लागतो.

शेजारी मोठ्या मुलांचा वॉर्ड. तिथं वेगळं दुखणं, मिटणं तेच. खिडकीजवळच्या खाटेवर नऊ वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून आहे. सिकलसेल. पूर्व विदर्भात हा शब्द सांगावा लागत नाही. लाल पेशी विळ्याच्या आकारात वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं ठणकतात. मांडीत, पाठीत, छातीत. तिला हे नवं नाही. सलाईनची सुई, मनगटाची पट्टी, रात्रीची कळ, सगळं पाठ आहे. कोणी विचारलं, दुखतंय का, तर बोलत नाही. हा आजार 2047 पर्यंत देशातून हटवायचं उद्दिष्ट 2023 मध्ये जाहीर झालं आहे. तेव्हा ही मुलगी तिशीत असेल.

इथं शिकाऊ सिस्टर वेगळी वागते. सकाळपासून काहीतरी शिकली आहे. ती मुलीशी बोलतच नाही. खाटेच्या कडेला बसून चिंधीची बाहुली काढते, बाहुलीच्या मनगटाला पट्टी बांधते, सुई नसलेली सिरिंज घेते. बाहुलीला विचारते, "कोणत्या हाताला?" बाहुली अर्थात गप्प. ती पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारते तेव्हा भिंतीकडून आवाज येतो.

"तिले डाव्या हाताले पाह्यजे. उजव्यानं ती लिवते."

मुलीच्या स्वतःच्या उजव्या हाताला सुई आहे. शिकाऊ सिस्टर ते बघते, काही बोलत नाही, बाहुलीच्या डाव्या हाताला पट्टी बदलते. रात्रपाळीच्या नोंदीत मात्र एक ओळ लिहिते. सुई बदलायची वेळ येईल तेव्हा डावा हात.

मग भिंगरी. मुलीच्या वडिलांनी पळसाच्या पानाची केली आहे, बाभळीच्या काट्यावर बसवलेली. ती फुंकायची. फुंकर लांब हवी, पोटातून. सिकलसेलच्या कळीत मुलं भीतीनं उथळ श्वास घेतात, मग छातीत कफ साठतो, न्यूमोनियासारखं गंभीर दुखणं उद्भवू शकतं. म्हणून डॉक्टर खोल श्वास घ्यायला सांगतात. सांगून कोण घेतं? भिंगरी फिरवायची म्हटलं की घेतं. मुलगी उठून बसत नाही, पण कुशीवर वळते. फुंकते. पान अर्धं फिरून अडकतं. वडील काटा सैल करून देतात.

रात्री दहा. दोन्ही वॉर्डांत बाया लेकरांना बिलगून पडल्यात, काही खाटेवर, काही खाली चटईवर. आपल्याकडे हे इतकं गृहीत आहे की त्याची किंमत कळत नाही. लंडनमध्ये 1952 साली एक माहितीपट आला होता. दोन वर्षांची मुलगी रुग्णालयात आठ दिवस राहते, एवढाच. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आई सोबत राहू शकत नाही, भेटीला येते आणि जाते. मुलगी फार रडत नाही. दिवसागणिक आतल्या आत मिटत जाते. डॉक्टर मंडळी चिडली, हे असं नसतंच म्हणाली. पण 1959 मध्ये तिथल्या सरकारी समितीनं आईबापांना भेटीची मोकळीक द्या, मुलांच्या खेळाची सोय करा, अशा शिफारशी केल्याच. आपल्या वॉर्डात आई आहे. खेळाची सोय मात्र एका पत्र्याच्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली मोठ्या सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये.

दोनेक दिवसांनी पेटी उघडते तेव्हा मी पुन्हा तिथं आहे. आत कापडी चेंडू, डबे, दोरीला ओवलेली रिकामी रिळं, डब्याचं चकचकीत झाकण आरशासारखं बघायला. आणि रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, तिच्यात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. रंग दिलेले. गिळता येईल इतकं लहान पेटीत काही ठेवायचं नाही, हा नियम. शिकाऊ सिस्टर चिमटा बरणीत टाकते. टक्. पुन्हा एक. टक्. तिसरा मुलाच्या हाताजवळ ठेवते आणि बाजूला बघते.

आता त्याला दाट दूध सुरू आहे. वाटी संपवतो. दर किलोमागे दिवसाला 10 ग्रॅम वजन वाढलं तर चांगलं समजतात. म्हणजे याच्या वाट्याला साधारण 60 ग्रॅम, चार-पाच मोठे चमचे तुपाच्या पलीकडे फार नाही. सकाळचा काटा त्याहून थोडा पुढे गेलाय. पण चिमट्याकडे तो बघतो आणि तसाच राहतो.

वाट बघणं सुरू. कुठंतरी मिक्सर चालतो. स्वयंपाकघरात खिचडी शिजते आहे. आई बरणीकडे बघते, मुलाकडे बघते, मग न राहवून स्वतःच चिमटा उचलून टाकते. टक्. तिला हसू येतं. ती आणखी एक टाकते. आणि तेव्हा मुलाचा हात पुढे येतो. बोटं चिमट्याभोवती नीट मिटत नाहीत. चिमटा निसटतो. तो पुन्हा धरतो. बरणीच्या काठाला आपटतो, बाहेर पडतो. तिसऱ्यांदा आत जातो. टक्.

कोणी टाळ्या वाजवत नाही. शिकाऊ सिस्टरनं ओठ दातात धरलाय.

नऊ-दहा चिमटे जातात. मग दुधाची वेळ होते. मावशी बरणी उचलते, सतरंजी आवरायला. आणि मुलगा रडतो. तोंड उघडून, लाल होऊन, पाय झाडून रडतो. आवाज अजून बारीक आहे, पण वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जातो. आई घाबरते. "काय झालं? काय झालं जी?" मोठ्या सिस्टर ट्रॉली तिथंच टाकून, कंबरेवर हात ठेवून लगबगीनं येतात. "काही नाही झालं, माय," म्हणतात. "मागून राह्यला."

अशा मुलाचं पहिलं हसू दिसलं की तो सुधारू लागला असं जुने बालरोगतज्ज्ञ विद्यार्थ्यांना सांगत. ते खरंच आहे. पण हसण्याच्या आधी हे येतं, चिडणं. हिसकावलं म्हणून भोकाड पसरणं. मला वाटतं, पाठ्यपुस्तकात याला थोडी जास्त जागा मिळायला हवी, कारण नेमक्या याच टप्प्यावर आईला वाटतं, दवाखान्यात आणून पोरगं किरकिरं झालं. त्या दिवशी कुणी समजावलं नाही तर ती रात्रीच्या गाडीनं घर गाठते.

दुपारी चिमटे धुण्याचं काम चालू आहे, साबणाच्या पाण्यात, मोरीपाशी. तीन नंबरची आई, पाच नंबरची आजी आणि शिकाऊ सिस्टर. आई चिमटे मोजून ओळीनं उन्हात मांडते, पुड्यातली पानं मांडावीत तशी सवय. ती विचारते, घरी बरणी नाही, मग काय करू? आजी म्हणते, तुंबा आहे ना घरी. आंब्याच्या कोयी आहेत, वाळव. सिस्टर म्हणते, कोयी चालतील, चिंचोके नको, तो गिळेल. यावर बराच वेळ चर्चा होते. गोटे किती मोठे, मक्याचं कणीस चालेल का, सासू यात बसेल का.

ही मोरीपाशी चाललेली बडबड गंभीर आहे. 1986-87 मध्ये जमैकातल्या किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या 129 लेकरांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जात, घरगुती खेळणी नेत आणि आईला लेकराशी कसं खेळायचं ते दाखवत. दोन वर्षं. बस एवढंच. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा 25 टक्के जास्त भरली. सेविका मुलाशी खेळून निघून गेल्या असत्या तर हे झालं नसतं, असं माझं मत. त्या आईला शिकवून गेल्या.

मोठ्या सिस्टरही तेच करतात, न सांगता. सुरुवातीला सतरंजीवर त्या बसत. मग शिकाऊ पोरगी. आता आई बसते आणि शिकाऊ पोरगी खाटेशी उभी राहते. आईला आधी लाज वाटायची. एवढ्या बायांत डबे काय वाजवायचे? आता ती मुलाच्या पायाचा अंगठा धरून ठेका देते आणि थांबते. थांबणं तिला सगळ्यात लवकर जमलं. जंगलात पाखराचा, पावलाचा कानोसा घेत वाढलेली बाई आहे, तिला ते अवघड नाही. शहरातून आलेल्या आम्हा लोकांना अवघड.

मोठ्या सिस्टरच्या टेबलावर रोजचा तक्ता असतो. वजन, ताप, दूध किती दिलं, किती घेतलं, उलटी, शौच. प्रत्येकाला रकाना आहे. खेळाला नाही. ज्याला रकाना नाही ते पाळी बदलताना कुणी विचारत नाही आणि गर्दीच्या दिवशी तेच आधी गळतं. परवा तीन मुलं एकाच वेळी भरती झाली तेव्हा पेटी उघडलीच नाही. दोष कुणाचा काढावा? एका पाळीला एक सिस्टर, दहा खाटा, बारा-बारा वेळा दूध. शिकाऊ पोरीनं तक्त्याच्या उजव्या समासात पेननं उभी रेघ मारली आहे आणि वर लिहिलंय, 'खेळ, मिनिटं'. तीन नंबरसमोर 20. पाच नंबरसमोर 15. काही चौकटी कोऱ्या आहेत. मोठ्या सिस्टरनी ती रेघ बघितली. खोडली नाही.

शेजारच्या वॉर्डातल्या मुलीची कळ उतरली आहे. सुई आता डाव्या हाताला. उजव्या हातानं ती वहीत काहीतरी काढते, मी डोकावलो की वही मिटते. भिंगरीचं पान सुकून चुरा झालं, वडिलांनी आज वहीच्या कागदाची केली.

वाचकांपैकी कुणी अशा वॉर्डात कुणाला भेटायला गेलात तर बिस्किटांचे पुडे नेऊ नका. तिथल्या लेकरांचं खाणं मोजून ठरलेलं असतं, एक बिस्किटही हिशेब बिघडवतं. रुंद तोंडाची बरणी न्या, डझनभर लाकडी चिमटे न्या, आधी सिस्टरना विचारा आणि ते धुऊन द्या. लेकरासमोर टाळ्या वाजवू नका. खाली बसा. घड्याळ बघायचं असेल त्या दिवशी जाऊ नका, अर्धा तास तरी मोकळा ठेवून जा.